सेंटोसाच्या वाळूत गिरणा

परवाच्या रविवारी आम्ही सेंटोसाला जाऊन आलो. आता सिंगापुरात राहणाऱ्याने सेंटोसाला जाणं ही काही लिहायची गोष्ट नाही. पुण्यातल्या माणसाने सारसबागेत जाऊन आल्याचं कौतुक सांगण्यासारखंच ते. पण एक तर गेले तीन आठवडे रिलीजच्या गडबडीत लिहिणं झालेलं नाही, आणि दुसरं म्हणजे तिथल्या वाळूत बसल्या बसल्या आप्पांशी फोनवर जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही. तेव्हा आज तेच.

आम्ही खानदेशी माणसं समुद्राच्या बाबतीत जरा बावळटच. माझं लहानपण जळगावात गेलं, आजोळ धुळ्याकडचं. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नववीत, शाळेच्या सहलीत. अलिबागच्या किनाऱ्यावर आमची अख्खी तुकडी घोट्याएवढ्या पाण्यात एकमेकांचे हात धरून उभी होती आणि "ओढून नेतं का रे खरंच?" या एकाच विषयावर तासभर चर्चा चालली होती. अजूनही मी पाण्यात फार आत जात नाही. वाळूत बसतो. वाळू मात्र आपल्या ओळखीची.

तर रविवारी सकाळी डबा भरला (दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आणि आईने गेल्या खेपेला बांधून दिलेले बिबडे), लेकीची बादली-फावडं घेतलं आणि हार्बरफ्रंटला उतरून बोर्डवॉकवरून चालत बेटावर गेलो. मोनोरेलला चार डॉलर पडतात, चालत गेलं की फुकट. बायको म्हणते, हा हिशोब तू डोकं फुटलं तरी सोडणार नाहीस. बरोबर आहे. सिलोसोच्या बाजूला नेहमीसारखी जत्रा होती म्हणून आम्ही पार दुसऱ्या टोकाला, तांजोंगला गेलो. समोर क्षितिजापर्यंत मालवाहू जहाजं नांगरून उभी. लाटा म्हणाव्या तर नाहीतच, मेहरूणच्या तलावाला वाऱ्याने येतात तेवढ्याच. लेक किल्ला करायला बसली आणि मी आडवा झालो.

तेवढ्यात आप्पांचा फोन.

इथे थोडी पार्श्वभूमी. आमचं जळगावचं घर १९८८ सालचं. स्लॅब गळतो, खालच्या खोलीला ओल आलीय, आईचे गुडघे जिना चढू देत नाहीत. म्हणून ते पाडून नवीन बांधायचं ठरलं. पैसे माझे आणि बँकेचे, देखरेख आप्पांची. पंधराशे स्क्वेअर फुटांचं काम. ठेकेदाराने हिशोब दिला त्यात पंचवीस ते तीस ब्रास वाळू. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, साधारण एक ट्रॅक्टर ट्रॉली. म्हणजे पंचवीस-तीस ट्रॉल्या. आप्पा म्हणाले, "वाळूचं काम झालं. गिरणेची आहे, एकदम साफ. तो म्हणाला, रात्रीतून येऊन पडेल, तुम्ही फक्त गेट उघडं ठेवा."

मी विचारलं, "पावती?"

"कसली पावती?"

"रॉयल्टीची. लिलावातल्या वाळूची पावती असते ना आप्पा."

"अरे, इथे कोण पावती मागतो? सगळ्या कॉलनीत तीच वाळू पडलीय."

मग मी म्हणालो की तुम्ही क्रश सँड घ्या, आणि तिथून पेटलं. "दगडाच्या भुकटीत मी घर बांधणार नाही. घर माणूस एकदा बांधतो." मी नदीबद्दल काहीतरी बोलायला गेलो तर म्हणाले, "नदीचं आम्हाला नको सांगू. तू आत्ता कुठे बसलायस?"

"वाळूत."

"मग?" म्हणाले, आणि फोन आईकडे दिला. आई चिडली किंवा लाडात आली की अहिराणीत शिरते. "काय करी ऱ्हायना रे?" एवढं विचारून तिने नातीची चौकशी केली. विषय संपला. म्हणजे त्यांच्याकडून संपला.

आप्पांचं ते "मग?" मात्र बरोब्बर जागी लागलं. त्याला कारण आहे. ऑफिसात माझ्या शेजारी एक सहकारी बसतो, इंडोनेशियाच्या रियाऊ बेटांकडचा. सिंगापूरहून बोटीने तासाभराच्या अंतरावर त्याचं गाव. मी सोमवारी "सेंटोसाला गेलो होतो" असं म्हटलं की तो दर वेळी एकच विनोद करतो : "म्हणजे तू माझ्या देशात जाऊन आलास. व्हिसा दाखव." पहिल्यांदा मला कळलाच नव्हता. नंतर वाचलं तेव्हा कळला आणि हसू आलं नाही.

सेंटोसाचे हे किनारे नैसर्गिक नाहीत. जुन्या बेटाला भर घालून वाढवलं आणि वर बाहेरून आणलेली वाळू पसरली. बेटाचं जुनं नाव पुलाऊ ब्लाकांग माती, मलय भाषेत साधारण 'मरणाच्या पाठीमागचं बेट'. ब्रिटिशांच्या तोफा आणि बराकी होत्या तिथे. १९७२ साली नाव बदलून सेंटोसा, म्हणजे शांती, केलं. (मार्केटिंगवाल्यांना मानलं पाहिजे.) पण सेंटोसा म्हणजे किरकोळ मामला. अख्खं सिंगापूरच असं वाढलंय. १९६० च्या दशकात हा देश सुमारे ५८० चौरस किलोमीटरचा होता, आज ७३० च्या वर आहे. जवळजवळ पाव हिस्सा वाढ. समुद्रात भर घालायला वाळू लागते, आणि ती इथे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०१४ च्या एका टिपणात आकडा आहे : वीस वर्षांत सुमारे ५१.७ कोटी टन वाळू सिंगापूरने आयात केली.

ती आली शेजाऱ्यांकडून. मग शेजारी एकेक करून दार लावत गेले. मलेशियाने १९९७ मध्ये निर्यात थांबवली, इंडोनेशियाने समुद्रातली २००३ मध्ये आणि जमिनीवरची २००७ मध्ये, कंबोडियाने २०१७ मध्ये. इंडोनेशियाचं निपा नावाचं छोटं बेट, अगदी सिंगापूरच्या समोरचं, वाळू उपसून उपसून जवळजवळ पाण्याखाली गेलं होतं. ते बेट इंडोनेशियाच्या सागरी हद्दीचा आधार, त्यामुळे सरकारला परत भराव टाकून ते उभं करावं लागलं. माझ्या सहकाऱ्याच्या विनोदात हे सगळं आहे.

आम्ही सॉफ्टवेअरवाले डिपेंडन्सी हा शब्द दिवसातून पन्नास वेळा वापरतो. आपण एक लायब्ररी घेतो, ती दुसरी घेते, ती तिसरी, आणि शेवटी आपला प्रोग्रॅम कुणाच्या कोडवर उभा आहे याचा पत्ताच नसतो. चालतंय ना, मग बघायचं कशाला? एखाद्या दिवशी त्यातली एक तुटते आणि रात्री दोनला फोन वाजतो. सिंगापूरचा तसा फोन वाजला २००७ च्या सुमारास, वाळूचे भाव भडकले तेव्हा. त्यानंतर यांनी वाळूचे साठे केले, आणि पुलाऊ तेकोंग बेटावर डच पद्धतीने बांध घालून, आतलं पाणी उपसून जमीन मिळवायचं काम हाती घेतलं, कारण त्यात वाळू कमी लागते. म्हणजे शहाणपण आलं, पण शेजाऱ्याने दार लावल्यावर.

आता गिरणा.

नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीत उगम पावून मालेगाव, चाळीसगाव, भडगाव करत ती जळगावपर्यंत येते आणि पुढे तापीला मिळते. माझं कॉलेज बांभोरीला. रोज हायवेच्या पुलावरून गिरणा ओलांडायची. आम्ही लहान असताना पुलाखाली जे होतं त्याला बीच हाच शब्द योग्य. नदीचं पाणी एका कडेला आणि बाकी नुसती वाळू, पांढरी, स्वच्छ, उन्हात पाय भाजणारी. रविवारी सायकली काढून जायचो. वाळूत कोपरापर्यंत खड्डा केला की थोड्या वेळाने तळाशी गार पाणी जमायचं, त्याला झिरा म्हणायचो, आणि तेच प्यायचो. कुणी आजारी पडल्याचं आठवत नाही. उन्हाळ्यात वाळूतच टरबुजांच्या वाड्या असायच्या. हिवाळ्यात काठावरच्या मळ्यात भरीत पार्टी. तुरीच्या काट्यांवर वांगी भाजायची, कळण्याची भाकरी, आणि रात्री वाळूत लोळायचं. धुळ्याला मामांकडे गेलं की तीच गंमत पांझरेत. श्रावणात कानबाईला निरोप द्यायला बायका नदीवर जायच्या, तेव्हा आम्ही पोरं वाळूत कबड्डी खेळायचो.

म्हणजे आम्हाला समुद्र नव्हता असं मी वर म्हटलं ते अर्धंच खरं. किनारा होता. तिकीट नव्हतं, मोनोरेल नव्हती, आणि वाळू बाहेरून आणावी लागत नव्हती.

दोन वर्षांपूर्वी लेकीला दाखवायला पुलाखाली घेऊन गेलो. दाखवायला काही नव्हतं. खड्डे, खड्ड्यांत हिरवं पाणी, मधेच उघडे पडलेले दगड आणि माती, त्यावर बाभळी. ट्रॅक्टरची चाकोरी थेट पात्रात उतरलेली. लेक म्हणाली, "बाबा, बीच कुठेय?" मी म्हटलं, पाणी वाढलं की दिसेल. खोटं बोललो.

पुष्कळांना वाटतं वाळू म्हणजे नदीतला कचरा, काढली तर नदी मोकळी होते. उलट आहे. वाळूचा थर म्हणजे पाण्याची टाकी. पावसाळ्यात ती भरते आणि उरलेलं वर्ष काठच्या विहिरींना झिरपून पाणी देत राहते. आमचा झिरा म्हणजे त्या टाकीचा नळ होता. थर काढला की पात्र खोल जातं आणि पात्राबरोबर विहिरींची पातळी. आमच्या काकांची काठापासून हाकेच्या अंतरावर केळी आहे. त्यांच्या विहिरीला मे महिन्यातही पाणी असायचं. आता फेब्रुवारीत मोटर हवा ओढते. सगळा दोष वाळूचा नाही हे मान्य. बोअरवेल आहेत, केळीला पाणीही अमाप लागतं, पाऊस बेभरवशाचा. पण नवीन वाळू येणार कुठून? वर १९६९ पासून गिरणा धरण उभं आहे, वाहून येणारा बराचसा गाळ-वाळू तिथेच अडते. पात्रातून जातंय ती जुनी शिल्लक. खात्यात पगार जमा होणं बंद झालंय आणि एटीएममधून पैसे काढणं जोरात चालू आहे. (खाली नदीवर सात बलून बंधाऱ्यांची चर्चा मात्र कित्येक वर्षं रंगते आहे. बंधारा पाणी अडवेल हो, ते मुरवणार कशात?)

सरकारने काही केलं नाही असं नाही. कायदा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच सांगितलं की लहानशा वाळूघाटालासुद्धा पर्यावरण परवानगी लागेल. महाराष्ट्रात २०२३ मध्ये डेपो काढून ६०० रुपये ब्रासने वाळू विकायचं धोरण आलं, २०२५ मध्ये ते बदलून पुन्हा लिलावावर आलं. माझा एक शाळासोबती तिकडे तलाठी आहे. तो म्हणतो, "भो, धोरण मुंबईत होतं, ट्रॅक्टर रात्री अडीचला येतो. मी एकटा, मोटरसायकलवर, हातात टॉर्च. समोर दहा माणसं. तूच सांग काय करू?" महसुलाच्या माणसांवर ट्रॅक्टर घातल्याच्या बातम्या आपण सगळेच वाचतो, आणि "वाळूमाफिया" म्हणून मान हलवून पान उलटतो.

मला त्या शब्दाचाच राग यायला लागलाय. माफिया म्हटलं की तो कुणीतरी दुसरा असतो, काळा चष्मा घातलेला. पण तो रात्रीचा ट्रॅक्टर पहाटे कुणाच्या तरी गेटात रिकामा होतो ना? ते गेट कुणाचं? जळगाव-धुळ्याच्या नव्या कॉलन्यांत हिंडून बघा. अर्ध्या बंगल्यांचे पैसे पुणे, हिंजवडी, दुबई, सिंगापूर, न्यू जर्सीहून येतात. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांचे. आम्ही ऑफिसात कार्बन फूटप्रिंटच्या ट्रेनिंगला हजेरी लावतो, किनारा साफ करायच्या कार्यक्रमात टी-शर्ट घालून फोटो काढतो (२०२४ च्या जूनमध्ये इथे जहाजातून तेल सांडून हेच किनारे काळे झाले होते, तेव्हा स्वच्छतेला किती लोक धावले!), आणि गावाकडच्या बांधकामाचा विषय आला की म्हणतो, ते सगळं वडील बघतात. वडील बघतात म्हणजे काय? पैसे मी पाठवतोय. त्या ट्रॅक्टरचं भाडं माझ्या पगारातून जाणार आहे. मला तर ही सोय फारच सोपी वाटते, आणि ती मी स्वतः वापरलेली आहे. २०१६ साली मागच्या खोल्यांचं काम झालं तेव्हा वाळू कुठून आली हे मी विचारलंसुद्धा नव्हतं. आप्पांना तेही आठवत असणार, बोलले नाहीत एवढंच.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. ज्याला परवडतं त्याने घराला नदीची वाळू घेऊच नये. अगदी पावतीची असली तरी. नदीतून नियमाने जी थोडी काढता येईल ती घरकुलवाल्यांना जाऊ दे. त्यांना ५ ब्रासपर्यंत मोफत द्यायची तरतूद आहेच. डॉलरमधे पगार घेणाऱ्याने त्या रांगेत उभं राहायचं कारण नाही.

"दगडाची भुकटी" या आक्षेपाचं काय? आप्पा पूर्ण चुकीचे नाहीत. खडी फोडताना उरलेली डस्टच कुणी 'क्रश सँड' म्हणून गळ्यात मारली तर प्लास्टरला भेगा जाणारच. पण नीट मशीनवर घडवलेली आणि धुतलेली कृत्रिम वाळू ही वेगळी चीज आहे. भारतीय मानक आयएस ३८३ मध्ये २०१६ च्या आवृत्तीपासून तिला काँक्रीटसाठी रीतसर जागा आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेच्या कामात ती वापरली गेली, आणि त्यावरून आपण सगळे ताशी शंभरने जातो तेव्हा कुणी खाली वाळू कुठली आहे ते विचारत नाही. मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तिच्यासाठी धोरण मंजूर केलं आणि रॉयल्टी ब्रासमागे ६०० वरून २०० केली. काँक्रीटला वेगळी, प्लास्टरला वेगळी बारीक, अशी मागून घ्यायची, पाणी किती लागेल ते मिस्त्रीला आधी करून बघायला सांगायचं. काम थोडं वाढतं, हे खरं. मिस्त्री कुरकुरतो, कारण नदीची वाळू थापीखाली लोण्यासारखी सरकते आणि ही खरखरते.

बायकोने विचारलेला प्रश्न जास्त अवघड आहे. ती म्हणाली, "म्हणजे नदीऐवजी डोंगर खायचा?" हो. दगडाच्या खाणीही काही पवित्र नाहीत. धूळ आहे, सुरुंग आहेत. मी इतकंच म्हणू शकलो की खाण एका जागी असते, दिवसा दिसते, तिचा माणूस पळून जात नाही, आणि टेकडीच्या पोटातून शेजारच्या दहा गावांच्या विहिरी भरत नाहीत. यावर ती "हं" म्हणाली. तिचं "हं" म्हणजे काय ते मला लग्नाला नऊ वर्षं झाली तरी कळलेलं नाही. तिचा दुसरा मुद्दा मला सोडतच नाही : पंधराशे स्क्वेअर फूट दोन म्हाताऱ्या माणसांना कशाला लागतात? माझी खोली, पाहुण्यांची खोली, वर एक 'हॉल'. वर्षातून पंधरा दिवस आम्ही जाणार. नकाशा आता नऊशेवर आणायचा का, असा मेल मी आर्किटेक्टला टाकलाय. आप्पांना अजून सांगितलेलं नाही. एका वेळी एकच भांडण.

दुपारी भरती आली आणि लेकीचा किल्ला हळूहळू खचला. लाटच नसल्यामुळे तो एकदम पडला नाही, बुडाकडून विरघळत गेला, बराच वेळ. मग बूट झटकले, बादलीतली वाळू तिने परत ओतावी म्हणून अर्धा तास समजूत घातली, आणि पुन्हा बोर्डवॉकवरून चालत घरी आलो.

काल रात्री आप्पांचा फोन होता. इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "तो तुझा क्रशरवाला कोण आहे त्याचा नंबर पाठव. घेणार नाही. नुसता भाव विचारतो." नंबर पाठवलाय. ठेकेदाराला मात्र अजून कुणी काही सांगितलेलं नाही, आणि आई म्हणते तो परवाही येऊन विचारून गेला की गेट रात्री किती वाजता लावता.